का हरलो ते एका ओळीत : गेमची नोंदवही, नोव्हेंबर-डिसेंबर २०२५

शनिवार, १ नोव्हेंबर

सेलमध्ये घेऊन पडून राहिलेले आणि नवे धरून सात गेम दीड महिन्यात निकालात काढायचे. सगळे पूर्ण होतील असं नाही, पण प्रत्येकाबद्दल मत ठरेल एवढे तरी खेळायचे. ग्राफिक्सला इतके, कथेला इतके अशी गुणांची पद्धत बाद. दहापैकी साडेआठ म्हणजे नक्की काय, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कसोटी एकच. हरलं की कंट्रोलर खाली ठेवायचा आणि का हरलो ते वहीत एका ओळीत लिहायचं. उदाहरणार्थ "उडी लवकर मारली", "कोळसा संपला". ओळ लिहिता आली तर गेम चोख. एकाच जागी तीनदा हरूनही ओळ सुचली नाही तर दोष गेमच्या नावावर.

"नशीब फुटकं" हे कारण धरायचं नाही. "बटण दाबलं होतं पण उडीच मारली नाही" हेही धरायचं नाही, निदान टीव्ही आणि कंट्रोलरचा विलंब मोजेपर्यंत. म्हणून आधी ते काम.

रविवार, २ नोव्हेंबर : विलंबाची मोजणी

साहित्य: सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो-मोशन काढणारा फोन, तो टेकवायला दोन पुस्तकं, आणि उडी मारणारं पात्र असलेला कुठलाही गेम. अंगठा आणि पडदा दोन्ही एका चौकटीत येतील असा फोन ठेवायचा. उडीचं बटण सावकाश दहा वेळा दाबायचं. मग व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवत, बटण तळाला टेकल्यापासून पात्राचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजायचं. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. दहा उड्यांची सरासरी घ्यायची, कारण एकेका उडीत दोन-चार फ्रेमचा फरक पडतोच.

टीव्ही नेहमीच्या सेटिंगवर आणि कंट्रोलर ब्लूटूथवर: ३१ फ्रेम, म्हणजे १२९ मिलिसेकंद. तोच टीव्ही गेम मोडवर: १४ फ्रेम, ५८ मिलिसेकंद. लॅपटॉपचाच पडदा आणि वायरने जोडलेला कंट्रोलर: ११ फ्रेम, ४६ मिलिसेकंद.

फरक सगळा टीव्हीच्या चित्र-सुधारणेत आहे. हालचाल गुळगुळीत दाखवण्यासाठी टीव्ही पुढची फ्रेम येईपर्यंत हातातली अडवून धरतो. मालिका बघताना त्याने काही बिघडत नाही. गेममध्ये मात्र साठ फ्रेमच्या हिशेबाने चारेक फ्रेम उधारीवर जातात. अजून एक खाच: बऱ्याच टीव्हींत गेम मोड प्रत्येक एचडीएमआय सॉकेटला वेगळा लावावा लागतो. सफाई करताना वायर शेजारच्या सॉकेटात गेली की सेटिंग गेलं, आणि दोष अंगठ्यावर येतो.

ठरलं: उड्यांचे गेम लॅपटॉपवर, पत्ते आणि कारखाना टीव्हीवर.

बुधवार, ५ नोव्हेंबर : सेलेस्ट

जानेवारी २०१८ चा गेम. डोंगर चढायचा, बटणं तीनच: उडी, डॅश (एका दिशेने झटक्यात झेप), भिंत धरणे. प्रत्येक खोली एका पडद्याएवढी किंवा थोडी मोठी, आणि मेलं की त्याच खोलीच्या दारात लगेच परत. हरणं आणि पुन्हा सुरुवात यांच्यात श्वास घ्यायलाही उसंत नाही. ते बरंच आहे. चूक डोक्यात ताजी असतानाच हात पुन्हा तिथे पोचतो.

पात्राच्या हालचालीचा कोड निर्मात्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला आहे, त्यामुळे पुढचे आकडे अंदाजाचे नाहीत. कडा संपल्यावरही ०.१ सेकंद, म्हणजे साठातल्या सहा फ्रेम, उडी मान्य होते. डोकं छताच्या कोपऱ्याला चार पिक्सेलपर्यंत घासलं तर गेम पात्राला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. डॅश दाबल्यावर चित्र ०.०५ सेकंद गोठतं आणि दिशा त्यानंतर वाचली जाते, म्हणजे बटण आधी आणि दिशा किंचित नंतर गेली तरी चालतं. काटेसुद्धा एकमार्गी: काट्यांची टोकं ज्या दिशेला, त्याच दिशेने जाताना स्पर्श झाला तर मरण नाही.

म्हणजे गेम दिसतो कडक मास्तरसारखा आणि पेपर तपासतो मामासारखा. एवढी सूट मिळूनही हरलं तर हार आपलीच, आणि ओळ लिहायला हात अडत नाही.

भिंत धरण्याचा दम ११० एकक. नुसतं लटकलं तर सेकंदाला १०, म्हणजे अकरा सेकंद. वर सरकताना सेकंदाला सुमारे ४५, म्हणजे अडीच सेकंदांच्या आत खलास. भिंत धरून वर उडी मारली की प्रत्येकी २७.५, म्हणजे बरोबर चार उड्या. दम २० च्या खाली गेला की पात्र लाल लुकलुकतं. नवखा माणूस लाल दिसल्यावर घाईने वर सरकतो आणि पडतो, कारण सरकणं हाच सगळ्यांत महाग सौदा आहे. त्या वेळी भिंत सोडायची, दिशेचं बटण न दाबता भिंतीवरून उडी मारायची आणि लगेच भिंतीकडे वळायचं. या उडीला दम लागत नाही. जमायला अर्धा तास जातो, पण पुढे जन्मभर कामाला येते.

आज वहीत ६३ ओळी. त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकच: "तिरपा डॅश सरळ गेला."

शनिवार, ८ नोव्हेंबर : सेलेस्ट

त्या तिरप्या डॅशचं कारण कंट्रोलरच्या दिशा देणाऱ्या काडीत सापडलं. डॅशच्या दिशा आठ, प्रत्येकीच्या वाट्याला ४५ अंशांची फोड. वर-उजवीकडे जायला अंगठा त्या फोडीच्या मध्यावर हवा. घाईत तो २० अंशांवर राहतो आणि गेमला ते नुसतं "उजवीकडे" वाटतं. काडी सोडून चार दिशांची बटणं वापरली. वर आणि उजवं एकत्र दाबलं की तिरपंच जातं, अंदाजाला जागा नाही. तासाभरात त्या प्रकारच्या ओळी दोनवर आल्या.

मदतीच्या मोडबद्दल. वेग टप्प्याटप्प्याने निम्म्यापर्यंत कमी करता येतो, दम अमर्याद करता येतो, मरणच बंद करता येतं. यावरून "मग खेळलाच कशाला" अशी कुजकट चर्चा चालते. गल्लीत लहान भावंडाला कच्चं लिंबू म्हणून खेळायला घेतात तेव्हा कोणी असं विचारत नाही. वेग ८० टक्के करून एखादी खोली शिकायची आणि मग १०० वर पुन्हा करायची, हा सरावाचा उत्तम मार्ग आहे. तबल्याचा कायदा आधी विलंबितातच बसवतात. १७५ स्ट्रॉबेऱ्या गोळा करण्याचा सोस मात्र फुकट. गेम स्वतःच सांगतो की त्यांचा उपयोग नाही, त्याचं ऐकावं.

निकाल: चोख.

बुधवार, १२ नोव्हेंबर : बलाट्रो

फेब्रुवारी २०२४. एका माणसाने बनवलेला पत्त्यांचा गेम. पोकरचे हात वापरतो, पण समोर दुसरा भिडू नाही आणि पैसे लावण्याची सोयही नाही. हे सांगायला लागतं, कारण युरोपातल्या पेगी या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने पोकरचे हात शिकवतो म्हणून याला १८ वर्षांवरचा ठरवलं होतं. अपिलानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ते १२ वर आलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. त्याचाही याच्याशी काही संबंध नाही. यातले डॉलर फक्त यातल्याच दुकानात चालतात.

हिशेब असा. हाताला ठरावीक चिप्स आणि ठरावीक पट. खेळलेल्या पानांची किंमत चिप्समध्ये मिळवायची आणि बेरजेला पटाने गुणायचं. जोडीला १० गुणिले २, फ्लशला (एकाच रंगाची पाच पानं, जसं सगळी बदाम) ३५ गुणिले ४. एक्का ११, चित्रांची पानं १०, बाकी आपापल्या आकड्याची. पहिलं लक्ष्य ३००. बदामचे एक्का, राजा, नव्वी, छक्की, चौकी हातात असतील तर पानांचे ४०, अधिक ३५ म्हणजे ७५, गुणिले ४: बरोबर ३००. काठावर पास.

आता गंमत जोकरांची, म्हणजे दुकानातून घ्यायच्या खास पानांची. ते डावीकडून उजवीकडे मोजले जातात. समजा दोन जोकर आहेत: फ्लश असेल तर पटात १० मिळवणारा, आणि फ्लश असेल तर पट दुप्पट करणारा. मिळवणारा डावीकडे ठेवला तर ४ अधिक १० म्हणजे १४, दुप्पट २८, गुणिले ७५: २१००. उलट ठेवले तर ४ चे ८, अधिक १० म्हणजे १८, गुणिले ७५: १३५०. तिसऱ्या टप्प्याचं पहिलं लक्ष्य २००० आहे. पानं तीच, जोकर तेच, फक्त शेजार बदलला आणि एक जण पार झाला, दुसरा अडकला.

म्हणून सवय: नवा जोकर घेतला की तो "अधिक" चा की "पट" चा हे वाचून अधिकवाले डावीकडे, पटवाले उजवीकडे ओढायचे. गेम हे आपणहून करत नाही. नवा जोकर नेहमी उजव्या टोकाला येऊन बसतो.

पान टाकण्याआधी एकूण किती होईल ते गेम दाखवत नाही, बेरीज डोक्यात करायची. हा निर्णय आवडला. आकडा आधी दिसला असता तर माणसाने सगळी पानं एकेक करून आलटूनपालटून बघितली असती आणि खेळ कारकुनी झाला असता.

शनिवार, १५ नोव्हेंबर : बलाट्रो

पैशांचं शिस्तीत मांडतो, कारण बहुतेक डाव दुकानातच हरले जातात आणि पानांवर खापर फुटतं.

फेरी संपताना हातातल्या दर ५ डॉलरवर १ डॉलर व्याज, जास्तीत जास्त ५. म्हणजे २५ शिल्लक असली की पूर्ण व्याज. त्याहून जास्त साठवणं निरर्थक. दुकानातला माल बदलायला आधी ५, मग ६, मग ७ असं चढत जातं. पहिल्या दोन टप्प्यांत दुसऱ्यांदा माल बदलला की व्याज कायमचं मागे पडतं. काढलेली पद्धत: पहिल्या टप्प्यात एकच स्वस्त "अधिक"वाला जोकर, मग २५ होईपर्यंत हात आखडता, त्यानंतर फक्त २५ वरचे पैसे खर्च.

ग्रहांची पानं स्वस्त आणि दुर्लक्षित. गुरूचं एक पान घेतलं की फ्लश ३५ गुणिले ४ वरून ५० गुणिले ६ वर जातो. वरचीच पाच बदामं आता ९० गुणिले ६, म्हणजे ५४०. तीन डॉलरमध्ये ऐंशी टक्के वाढ दुसरीकडे कुठे मिळत नाही.

टप्प्याच्या शेवटचा बॉस कोणता, ते टप्प्याच्या सुरुवातीलाच पाटीवर लिहिलेलं असतं. एकच हात खेळू देणारा, एकदा खेळलेला हाताचा प्रकार पुन्हा न चालणारा, गुलाम-राणी-राजांना बाद करणारा. "हा कुठून आला" असं म्हणायची सोयच नाही. अकरा डाव, नऊ हारी, नऊ ओळी. सर्वांत लाजिरवाणी: "सगळी भिस्त चित्रांच्या पानांवर ठेवली, पाटी वाचलीच नाही."

निकाल: चोख. फक्त रात्री अकरानंतर सुरू करू नये.

रविवार, १६ नोव्हेंबर : व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स

पात्र फक्त चालवायचं, हत्यारं आपोआप चालतात. तीस मिनिटं टिकायचं, मग यम येतो. चाबूक आठव्या पातळीला नेऊन "हॉलो हार्ट" या वस्तूसोबत ठेवला आणि दहाव्या मिनिटानंतरच्या मोठ्या शत्रूची पेटी उघडली तर चाबूक बदलून रक्त शोषणारा होतो. अशा जोड्या माहीत असणं म्हणजेच सगळा खेळ.

हरलं की ओळ लिहिणं कठीण. पडदा आकड्यांनी आणि ठिणग्यांनी इतका भरतो की शेवटचा मार कुणाचा ते दिसतच नाही. तीन डाव, तीन वेळा "गर्दी". सेटिंगमधून माराचे आकडे बंद केले, थोडं सुधारलं. गणपतीच्या रोषणाईसारखा आहे: बघायला छान, पण घरी घेऊन येण्यासारखं काही नाही. सोडला.

शनिवार, २२ नोव्हेंबर : फॅक्टोरिओ

कारखाना उभारण्याचा गेम, प्रागच्या वुब सॉफ्टवेअरचा. पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २०२० मध्ये, २.० ऑक्टोबर २०२४ मध्ये. याला सवलत कधीच लागत नाही, हे कंपनीचं जाहीर धोरण आहे. सेलची वाट बघू नये. फुकट डेमो आहे, त्यावरून ठरवता येतं.

इथे मरण म्हणजे किड्यांनी खाणं नव्हे, ते क्वचितच होतं. इथली हार म्हणजे कारखाना बंद पडणं. आणि तो बंद पडतो तेव्हा कारण नेहमी बोट ठेवता येईल इतक्या ठोस जागी असतं.

आज वीज. एक बॉयलर १.८ मेगावॉट, एक वाफेचं इंजिन ०.९, म्हणून एका बॉयलरला दोन इंजिनं. वीस बॉयलर, चाळीस इंजिनं, ३६ मेगावॉट. जुन्या मार्गदर्शकांत एका पाणीपंपावर वीसच बॉयलर असं लिहिलेलं आढळतं. २.० मध्ये बॉयलरचं पाणी दहा पटींनी कमी झालं, त्यामुळे तो नियम विसरावा. कोळशाचा नियम मात्र कायम. कोळशात ४ मेगाज्यूल, म्हणजे एका बॉयलरला सेकंदाला ०.४५ नग, वीस बॉयलरना ९ नग. विजेचं ड्रिल सेकंदाला अर्धा नग काढतं, म्हणजे अठरा ड्रिल हवेत.

अठरा लावले, तरी शेवटचे बॉयलर विझत होते. कारण माल वाहणाऱ्या पिवळ्या पट्ट्यात. पिवळा पट्टा सेकंदाला १५ नग नेतो, पण दोन लेनमध्ये मिळून. एका लेनला साडेसात. सगळी ड्रिल पट्ट्याच्या एकाच बाजूला लावली की एकच लेन भरते आणि दुसरी रिकामी पळते. साडेसात भागिले ०.४५ म्हणजे सोळा-सतरा बॉयलर. शेवटच्या तीन-चारांना काहीच उरत नाही. नऊ ड्रिल उचलून समोरच्या बाजूला लावली, दहा मिनिटांत शेवटचा बॉयलर पेटला.

हे बरेच तास लपून राहतं, कारण कारखाना छोटा असताना पूर्ण ३६ मेगावॉट कोणी मागत नाही. मागणी वाढते तेव्हाच अंधार होतो, आणि तेव्हा माणूस नुकत्याच बांधलेल्या गोष्टीवर संशय घेतो.

रविवार, २३ नोव्हेंबर : फॅक्टोरिओ

वरच्याच दुखण्याचा पुढचा अध्याय. वीज अपुरी पडली की विजेवर चालणारं सगळं मंदावतं. त्यात कोळशाचे ड्रिल आले, आणि कोळसा बॉयलरमध्ये टाकणारे इन्सर्टर, म्हणजे यांत्रिक हातही आले. कोळसा कमी, म्हणून वीज कमी, म्हणून कोळसा आणखी कमी. सात-आठ मिनिटांत पूर्ण शांतता. महाराष्ट्रातल्या माणसाला भारनियमन नवं नाही, पण इथे वीज मंडळही आपणच आणि शिव्या खाणारेही आपणच.

उपाय स्वस्त आहे. बॉयलरपाशी विजेचे इन्सर्टर काढून सुरुवातीचे कोळशावर चालणारे लावायचे. पट्ट्यावरून जाणाऱ्या कोळशातूनच ते स्वतःचं जळण उचलतात, वीज गेली तरी हात चालू राहतो. कोळशाच्या खाणीचे खांब बाकी कारखान्यापासून तोडून त्यांना दोन बॉयलरचं वेगळं घर दिलं तर घसरण सुरूच होत नाही.

निदानाची पद्धत: कुठल्याही खांबावर क्लिक केलं की मागणी आणि पुरवठा दिसतो. पुरवठ्याची पट्टी भरलेली नसेल तर आधी वीज, मग बाकी. ऑल्ट दाबून ठेवायची गरज नाही, एकदा दाबलं की प्रत्येक यंत्रावर ते काय बनवतं त्याचं चित्र कायम राहतं. हे न लावता खेळणारे कसे खेळतात कोण जाणे.

शनिवार, २९ नोव्हेंबर : फॅक्टोरिओ

हिरवी सर्किटं. एका सर्किटला एक लोखंडी पत्रा आणि तीन तांब्याच्या तारा, अर्धा सेकंद. एका तांब्याच्या पत्र्यातून दोन तारा, तोही अर्धा सेकंद. म्हणून तारांची तीन यंत्रं, सर्किटांची दोन. तारा पट्ट्यावर टाकू नयेत. तारेचं यंत्र आणि सर्किटाचं यंत्र यांच्यात फक्त एक इन्सर्टर ठेवून थेट हातात द्याव्यात. एका पत्र्याच्या दोन तारा होत असल्याने पट्ट्यावर त्या दुप्पट जागा खातात.

भट्ट्या: दगडी भट्टी सेकंदाला ०.३१२५ पत्रे. पूर्ण पिवळा पट्टा भरायला ४८, दोन्ही बाजूंना चोवीस-चोवीस. ४० लावून "पट्टा भरत का नाही" असं विचारत बसू नये, भागाकार करावा.

रेल्वे. नियम पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्यावं. चौकात शिरण्याआधी साखळी सिग्नल, बाहेर पडल्यावर साधा. साखळी सिग्नल पुढच्या सिग्नलकडे बघतो: बाहेर पडायला जागा असेल तरच आत सोडतो. दोन्हीकडे साधे लावले तर गाडी चौकात शिरते, पुढे जागा नाही म्हणून तिथेच उभी राहते आणि चारही रस्ते कोंडतात. त्याहून चोरटी चूक म्हणजे सिग्नल बरोबर असूनही बाहेरचा तुकडा आखूड असणं. इंजिन आणि चार डबे म्हणजे पाच वाहनं, प्रत्येकी सात चौकोन. बाहेरचा मोकळा तुकडा ३५ चौकोनांहून लहान असेल तर शेपूट चौकात राहतं आणि कोंडी तीच.

निकाल: सातांत सर्वांत चोख. वहीतली प्रत्येक ओळ एका यंत्राचं किंवा एका सिग्नलचं नाव घेते. आवडला नाही तो फक्त सुरुवातीचा दीड-दोन तास, जेव्हा सगळं हाताने वाहावं लागतं. तो डेमोत उरकून घ्यावा.

बुधवार, ३ डिसेंबर : इन्टू द ब्रीच

आठ बाय आठचा पट, तीन यंत्रमानव, फेब्रुवारी २०१८. प्रत्येक किडा पुढच्या चालीत कुठे मारणार हे आधी दाखवतो. किडे मारण्यापेक्षा त्यांना एक घर ढकलून नेम चुकवणं, किंवा त्यांचा नेम त्यांच्याच भावावर वळवणं हेच काम. कोणाआधी कोण मारणार तो क्रमही बघता येतो, आणि हरणारे बहुतेक तेवढंच बघत नाहीत.

लपवलेला फासा जवळजवळ एकच: इमारतीवर मार आला तर सुरुवातीला १५ टक्के शक्यता की ती वाचेल. तोही खेळणाऱ्याच्या बाजूने पडणारा. अशी सभ्यता दुर्मीळ. एका लढाईत एकदा पूर्ण चाल मागे घेता येते. ती शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवू नये, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पट सर्वांत भरलेला असतो. निकाल चोख. बुद्धिबळाची आवड असलेल्यांनी इथून सुरुवात करावी.

शनिवार, ६ डिसेंबर : हॉलो नाइट: सिल्कसाँग

ॲडलेडच्या टीम चेरीचा, ४ सप्टेंबर २०२५ ला आला. "फार अवघड केलाय" ही ओरड पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. ओरडीत तथ्य किती हे मोजायला आकडे मांडले.

या मालिकेतल्या आधीच्या गेममध्ये शत्रूवरच्या एका घावाला ११ सोल (शक्ती) मिळायची, बरं व्हायला ३३ लागायची. म्हणजे तीन घावांना एक मुखवटा (जीव मुखवट्यांत मोजतात). इथे एका घावाला एक रेशीम, बरं व्हायला ९, आणि एका झटक्यात तीन मुखवटे परत. म्हणजे तीन घावांना एकच मुखवटा. भाव अजिबात बदललेला नाही, फक्त किरकोळ विक्री बंद होऊन घाऊक सुरू झाली. सुरुवातीची रिळ नऊचीच, त्यामुळे रेशमाचा भाला एकदा फेकला की चार रेशीम गेलं आणि बरं होणं चार घाव लांबलं. सुरुवातीला भाला बॉससमोर वापरूच नये, वाटेतल्या उडत्या किड्यांसाठी ठेवावा.

खरा बदल मारात आहे. बहुतेक बॉस एका फटक्यात दोन मुखवटे नेतात. सुरुवातीला मुखवटे पाच: पाचाचे तीन, तीनाचा एक, मग मरण. तीन फटके. चार तुकडे शोधून सहावा मुखवटा केला: सहाचे चार, चाराचे दोन, मग मरण. पुन्हा तीनच. एवढी वणवण करून बॉससमोर एक फटकाही जास्त मिळत नाही. ओरडणाऱ्यांचं इथपर्यंत बरोबर.

सप्टेंबरच्या पॅचमध्ये मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे बॉस थोडे सौम्य केले. मुखवट्यांचं गणित तसंच आहे.

रविवार, ७ डिसेंबर : सिल्कसाँग

कालचं गणित अर्धवट होतं. बरं होणं त्यात धरलं नव्हतं.

पाच मुखवटे असताना: एक उरला असता बरं झालं तर चार होतात, म्हणजे एका फटक्याचे दोन झाले. तीन उरले असता बरं झालं तर पाच होतात (एक वाया), दोनाचे तीन. कधीही बरं व्हा, मिळकत एकच फटका. सहा मुखवटे असताना: चार उरले असता बरं झालं तर सहा, दोनाचे तीन, मिळकत एक. पण दोन उरले असता बरं झालं तर पाच, आणि पाच म्हणजे तीन फटके. एकाचे तीन, मिळकत दोन.

म्हणजे सहावा मुखवटा अंगावर घेऊन उपयोग नाही, पण बरं होण्याची किंमत तो दुप्पट करतो. अट एवढीच की दोन उरेपर्यंत कळ काढायची. चार असताना घाबरून नऊ रेशीम खर्च करणं हा तोट्याचा सौदा. हवेत असतानाही बरं होता येतं, त्यामुळे जमिनीवर मोकळी जागा शोधत बसू नये. बॉस जमिनीवरून धावत येतो तेव्हाच उंच उडी घेऊन वर उरकावं.

खालचा वार इथे तिरपा जातो. सरळ खाली मारायची सवय असलेल्यांचे पहिले चार तास यातच जातात. वॉन्डरर क्रेस्ट (लढण्याची ढब बदलणारं चिन्ह) मिळवला की वार सरळ खाली होतो आणि पल्ला कमी होतो. उड्यांच्या जागा यानेच कराव्या, मोठ्या बॉसला पल्ला हवा असेल तर परत जुना.

तक्रार एकच आणि ती ठाम: लास्ट जज या बॉसपर्यंतची वाट. बाकापासून (मेल्यावर तिथूनच परत सुरुवात) त्याच्या दारापर्यंत मिनिटभर उड्या, वाटेत भोकं पाडणारे उडते किडे. सेलेस्टमध्ये चूक ताजी असताना परत तिथे पोचतो. इथे पोचेपर्यंत चूक विसरलेली असते आणि वाटेत एक-दोन मुखवटे गेलेले असतात. वहीत दोनदा लिहिलं गेलं: "आठवत नाही." हा दोष गेमचा.

बुधवार, १० डिसेंबर : राजी: ॲन एन्शंट एपिक

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. ऑगस्ट २०२० मध्ये स्विचवर, ऑक्टोबरमध्ये बाकी ठिकाणी. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन. घरचा म्हणून सूट द्यायची नाही असं ठरवून खेळला.

डोळ्यांना मेजवानी आहे. पहाडी चित्रशैलीची रंगसंगती, राजस्थानी वाड्यांची उंची, निवेदन दुर्गा आणि विष्णूच्या संवादातून. कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांनी सांगितलेत. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ते लगेच ओळखीचं वाटेल.

हारीच्या ओळी मात्र बिघडल्या. कॅमेरा ठरलेला, फिरवता येत नाही. मोठ्या चौकातल्या लढाईत खांबाआडचा असुर दिसत नाही आणि मार मागून येतो. तीन वेळा लिहिलं: "दिसला नाही." उपाय म्हणून लढाई सुरू होताच कॅमेऱ्याच्या बाजूच्या भिंतीकडे पाठ करून उभं राहिलं की सगळे समोर येतात, खांबावर चढून उडी मारण्याचा देखणा वार त्यामुळे कमी वापरला जातो, ते नुकसान. अरुंद कठड्यांवर खोलीचा अंदाज चुकतो. पात्राची सावली पायाखाली कुठे पडते ते बघून उडी मारावी, पात्राकडे बघू नये.

पाच-सहा तासांत संपतो, आणि संपतो तो मध्येच दार आपटल्यासारखा. निकाल: लढाई कच्ची, बाकी जपून ठेवावा असा. पूर्ण किमतीला घेतला तरी पस्तावा होणार नाही.

रविवार, १४ डिसेंबर : सिल्कसाँग

लास्ट जज, सहा मुखवटे, दोन उरेपर्यंत बरं न होण्याचा नियम लावून. आधीच्या अकरा प्रयत्नांत नियम नव्हता. आज चौथ्या प्रयत्नात तो खाली पडला.

पडल्यावर त्याचा स्फोट होतो. जवळ उभं राहिलं की तोही लागतो, आणि त्या वेळी एकच मुखवटा होता. ओळ: "पडला म्हणून बटणं सोडली." कारण स्वच्छ लिहिता आलं, त्यामुळे दोष गेमच्या नावावर टाकता येत नाही. पुढच्या वेळी शेवटचा घाव बसताच उलट दिशेला डॅश, आणि स्फोट विझेपर्यंत खोलीच्या टोकाला थांबायचं.

उरलेलं काम: टीव्हीची वायर पुन्हा दोन नंबरच्या सॉकेटात गेली आहे, गेम मोड लावणे.